रंगांची उतरण : पडद्यापासून पाकिटापर्यंत

हिंगोली जिल्ह्याचे नाव निघाले की औंढ्याचे नागनाथ मंदिर, संत नामदेवांची नर्सी आणि वसमतची हळद या तीन गोष्टी ओघानेच येतात. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातील हळदीला २०२४ मध्ये ‘वसमत हळद’ या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. पोत्यात भरून मोंढ्यात नेलेल्या मालाला स्वतःचे नाव नसते, असतो तो केवळ भाव. मानांकनाचा लाभ पदरात पाडून घ्यायचा, तर माल नाव छापलेल्या पाकिटातून गिऱ्हाइकापर्यंत गेला पाहिजे. आणि पाकीट म्हटले की त्यावर चित्र आले, रंग आले. बचत गट असो वा शेतकरी उत्पादक कंपनी, हे चित्र पुष्कळदा तालुक्याच्या गावातील एखाद्या डीटीपी केंद्रातच आकाराला येते.

या कामात एक अनुभव वारंवार येतो. पडद्यावर सोन्यासारखी झळकणारी पिवळ्या-नारिंगी रंगाची पार्श्वभूमी छापून आली की तिच्यात पट्टे दिसू लागतात. कधी तिच्या मध्यावर मातकट रंग उमटतो, तर कधी पांढऱ्यात हळुवार विरून जायला हवा असलेला रंग एका ठसठशीत रेषेपाशी तुटतो. चित्र काढणारा छपाईवाल्याला दोष देतो, छपाईवाला फाइलकडे बोट दाखवतो आणि हजारो पाकिटांचा खर्च मात्र शेतकऱ्याच्या माथी बसतो. हे बहुतांशी टाळता येण्याजोगे आहे. संगणकातील रंगांची उतरण गणिताने घडते आणि छापील उतरण शाईच्या ठिपक्यांनी. चित्र काढतानाच या दुसऱ्या उतरणीचा विचार केला, तर पुढचे बरेचसे नुकसान टळते. ते कसे, याचा हा आढावा.

रेषा गणिताची, रंग सपाट

संगणकावरील चित्रे मुख्यतः दोन प्रकारची असतात. छायाचित्र हे लक्षावधी बारीक चौकटींचे बनलेले असते. ते फार मोठे केले की चौकटी उघड्या पडतात. दुसऱ्या प्रकारात संगणक चौकटी साठवत नाही, तर आकाराचे वर्णन साठवतो : येथून येथपर्यंत अशी वक्ररेषा, तिच्या आत हा रंग. यालाच व्हेक्टर चित्र म्हणतात. असे चित्र व्हिजिटिंग कार्डावर छापा की वीस फुटी फलकावर, त्याची कड तितकीच रेखीव राहते. १९८७ मध्ये आलेले ॲडोब इलस्ट्रेटर आणि १९८९ मध्ये आलेले कोरलड्रॉ ही या प्रकारची सुपरिचित सॉफ्टवेअर्स होत. आपल्याकडच्या डीटीपी केंद्रांत तर ‘कोरलमध्ये केले’ म्हणजेच ‘चित्र काढले’ असा अर्थ रूढ झाला. २००३ पासून उपलब्ध असलेले इंकस्केप हे याच जातीचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. नव्याने शिकणाऱ्याला पैशांची अडचण असेल, तर त्यावर सराव करण्यास काहीच हरकत नाही.

या पद्धतीचे बलस्थान कडेच्या रेखीवपणात आहे, तशी तिची उणीव आतल्या सपाटपणात आहे. ठिपक्यांच्या रांगोळीत घर आखून त्यात एकच रंग भरावा, तसे हे चित्र दिसते. घट गोल आहे, हळकुंड भरीव आहे, परात चकाकते आहे, हे दाखवायचे तर एका रंगातून दुसऱ्या रंगात सावकाश उतरत जावे लागते. या उतरणीला इलस्ट्रेटर व इंकस्केपमध्ये ग्रेडियंट म्हणतात. कोरलड्रॉमध्ये तिचे फाउंटन फिल हे नाव वर्षानुवर्षे रुळलेले आहे.

उतरणीच्या तीन वाटा

उतरणीचा पहिला प्रकार सरळ, म्हणजे लिनियर. रंग एका दिशेने, नदीच्या घाटाच्या पायऱ्या उतरावे तसा बदलत जातो. खांब, नळी, बाटली, ऊस, बांबू अशा लांबट गोल वस्तूंना तो शोभतो. मात्र उतरणीची दिशा वस्तूच्या लांबीला आडवी हवी. खांबावर वरून खाली उतरण दिली, तर खांब गोल दिसत नाही. खालचा भाग अंधारात बुडाल्यासारखा वाटतो.

दुसरा प्रकार वर्तुळाकार, म्हणजे रेडियल. एका बिंदूपासून रंग चहूकडे पसरत जातो. चेंडू, लिंबू, घटाचे पोट, हळदपुडीचा ढीग यांसाठी तो योग्य. येथे नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे उजळ बिंदू बरोबर मध्यावर ठेवणे. प्रकाश सहसा एका बाजूने, वरून येतो. त्यामुळे तो बिंदू मध्यापासून वर आणि डावीकडे वा उजवीकडे सरकवला, की सपाट चकतीचा गोळा होतो. चित्रातील सर्व वस्तूंचे उजळ बिंदू एकाच बाजूला हवेत. हळकुंडावर प्रकाश डावीकडून आणि शेजारच्या वाटीवर उजवीकडून आला, तर पाहणाऱ्याला चूक सांगता येत नाही. पण चित्र त्याला पटत नाही.

तिसरा प्रकार शंकूच्या आकाराचा, कोनिकल. घड्याळाचा काटा फिरावा तसा रंग केंद्राभोवती फिरतो. पितळी परात, ताम्हन किंवा स्टीलचे झाकण यांच्यावर जे प्रकाशाचे पाते चमकताना दिसते, ते या प्रकाराने सहज साधते. मात्र त्याचा उपयोग मर्यादित आहे. कागदावर सर्वत्र तो वापरला, तर छपाईत चमकेचा भास होण्याऐवजी गोंधळच जास्त दिसतो.

हळकुंड काढून पाहू

नियम उदाहरणाने लवकर समजतात, म्हणून वसमतच्या पाकिटावर हमखास लागणारे हळकुंडच घेऊ. शिजवून, वाळवून, पॉलिश केलेले सरळ हळकुंड बोटाच्या आकाराचे असते. त्याची बाह्यरेषा काढून तिला लांबीच्या आडव्या दिशेने सरळ उतरण द्यावी. अनेकजण येथे फिकट पिवळा आणि गडद पिवळा असे दोनच रंग देतात. तेवढ्याने वस्तूला थोडा उठाव येतो, पण ती प्लॅस्टिकच्या नळीसारखी वाटते. प्रत्यक्षात गोल वस्तूवर पाच टप्पे दिसतात : प्रकाशाकडची कड, उजळ पट्टा, वस्तूचा मूळ रंग, सर्वांत गडद सावली आणि त्यानंतर अगदी कडेला, खालच्या पृष्ठभागावरून परतून आलेला मंद प्रकाश.

छपाईच्या चार शाईंत हे टप्पे साधारण असे मांडता येतील. प्रकाशाकडची कड : सायन १०, मॅजेंटा ५०, यलो १००. उजळ पट्टा : मॅजेंटा १२, यलो ७०. मूळ रंग : मॅजेंटा ३०, यलो १००. सावली : सायन ३०, मॅजेंटा ७५, यलो १००. परतीचा प्रकाश : सायन १५, मॅजेंटा ५५, यलो १००. हे आकडे म्हणजे शिलालेख नव्हेत. समोर खरे हळकुंड ठेवून ते कमीजास्त करावेत. पण सावलीनंतर कडेला रंग पुन्हा थोडा उजळतो, ही गोष्ट विसरू नये. गोलाईचा आभास प्रामुख्याने त्या शेवटच्या टप्प्यावर उभा असतो.

हळकुंडावर जी आडवी वलये असतात, ती एकेक काढण्याची गरज नाही. येथे ब्लेंड हे साधन उपयोगी पडते. एका टोकाला एक बारीक वक्ररेषा, दुसऱ्या टोकाला तशीच दुसरी रेषा काढायची आणि मध्ये आठ-दहा टप्पे मागायचे. संगणक पहिल्या रेषेचे दुसरीत रूपांतर करत मधल्या सर्व रेषा स्वतः काढतो. आकार, जाडी आणि रंग हे तिन्ही त्यात क्रमाने बदलतात. ग्रेडियंट आणि ब्लेंड यांतला फरक हाच : ग्रेडियंट एकाच आकाराच्या आत रंग बदलतो, तर ब्लेंड दोन आकारांच्या मध्ये नवे आकार निर्माण करतो.

हळकुंड वाकडे असेल, तर सरळ उतरण अपुरी पडते. कारण तिची दिशा एकच, आणि वस्तू तर वळलेली. अशा वेळी गडद रंगाची पूर्ण बाह्यरेषा आणि तिच्या आत, त्याच वळणाचा, लहानसा उजळ आकार काढून दोहोंत तीस-चाळीस टप्प्यांचे ब्लेंड करावे. प्रकाश वस्तूच्या वळणाबरोबर वळतो. याहून गुंतागुंतीच्या पृष्ठभागासाठी, उदाहरणार्थ अनेक फाटे फुटलेला ओला गड्डा किंवा हाताची ओंजळ, जाळीची उतरण वापरतात. इलस्ट्रेटरमध्ये ती १९९८ मध्ये आणि कोरलड्रॉमध्ये १९९९ मध्ये आली. आकारावर आडव्या-उभ्या रेषांचे जाळे पसरून त्याच्या प्रत्येक गाठीला वेगळा रंग देता येतो. मात्र जाळीच्या गाठी जितक्या कमी, तितकी उतरण स्वच्छ. शंभर गाठी टाकून रंगवलेला गड्डा बहुधा दहा गाठींच्या गड्ड्यापेक्षा वाईटच दिसतो.

मधला रंग का मातकट होतो?

उतरणीची दोन टोके आपण निवडतो. मधले रंग मात्र संगणक ठरवतो. तो फार सरळ हिशेब करतो. दोन्ही टोकांच्या आकड्यांची सरासरी म्हणजे मध्याचा रंग. पडद्याच्या हिशेबात शुद्ध निळा आणि शुद्ध पिवळा यांची सरासरी काढली, तर येतो निव्वळ राखाडी. लाल आणि हिरवा यांच्या मध्यावर शेवाळी मातकट रंग येतो. दोन्ही टोके सुंदर, पण मधली वाट चिखलातून जाते.

छपाईच्या शाईंतही हेच घडते. हळदीच्या पिवळ्यातून जांभळ्यात उतरण दिली, तर मध्यावर सायन, मॅजेंटा आणि यलो या तिन्ही शाया मध्यम प्रमाणात एकत्र येतात. तिन्ही एकत्र आल्या की रंग राखाडी-तपकिरीकडे झुकतो. यावरून एक सोपी कसोटी मिळते : उतरणीच्या मध्यावर तिन्ही शाया गोळा होतात का, ते पाहावे. होत असतील, तर मध्ये एखादा टप्पा घालून वाट बदलावी. पिवळ्यातून थेट जांभळ्यात न जाता आधी लालात आणि मग जांभळ्यात गेले, तर चिखल टळतो. कोरलड्रॉमध्ये रंगचक्रावरून डावीकडून किंवा उजवीकडून फिरून जाण्याची सोयही आहे. मात्र तीत अनपेक्षित रंग वाटेत येऊ शकतात, म्हणून ती जपून वापरावी.

पिवळा आणि हिरवा यांच्यात ही अडचण येत नाही, कारण त्यात फक्त सायन वाढत जाते. पिवळा आणि लाल यांच्यातही नाही, कारण वाढते ती केवळ मॅजेंटा. हळदीच्या पाकिटासाठी तर ही वाट निसर्गानेच आखून दिली आहे. हळदीला चुन्याची निवळी लागली की तिचे कुंकू होते. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य क्षाराच्या सान्निध्यात लालसर होते. पिवळ्यापासून नारिंगीतून कुंकवापर्यंतची ही उतरण प्रत्येक मराठी घराच्या ओळखीची आहे. छपाईतही ती सर्वांत निर्धोक ठरते, कारण यलो शाई १०० वर स्थिर ठेवून फक्त मॅजेंटा ३० पासून १०० पर्यंत वाढवली की काम होते.

सर्वांत जास्त फसगत काळ्या रंगाने होते. सावली म्हणजे काळा, अशी समजूत असल्यामुळे पिवळ्यातून थेट काळ्यात उतरण दिली जाते. पिवळ्यात काळा मिसळला की त्याला हिरवट झाक येते, हे जलरंग हाताळणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. हळदीच्या चित्रात ही हिरवट झाक म्हणजे माल बुरसल्याची सूचनाच. हळदीची सावली मॅजेंटा आणि थोड्या सायनने तपकिरी करावी; वर दिलेल्या आकड्यांत काळी शाई मुळीच नाही, ती याचसाठी. काळ्यापर्यंत जायचेच असेल, तर काळ्या टोकातही मूळ रंगाच्या शाया कायम ठेवाव्यात. लालातून काळ्यात जाताना शेवटचा रंग नुसता काळा न ठेवता मॅजेंटा १००, यलो १०० आणि ब्लॅक १०० असा ठेवला, तर मध्यावर लाल फिका पडत नाही. मात्र चारही शायांची बेरीज आर्टपेपरवरील छपाईत साधारण ३०० टक्क्यांच्या वर जाऊ नये. शाई वाळत नाही आणि कागदाला कागद चिकटतो.

कागदावर फिकी शाई नसते

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ऑफसेट यंत्रात यलो शाई असते. तीस टक्के यलो शाई नसते. फिका रंग दिसतो तो बारीक ठिपक्यांमुळे. ठिपके लहान, मध्ये पांढरा कागद जास्त, म्हणून डोळ्याला रंग फिका भासतो. म्हणजे छापील उतरण ही वास्तविक ठिपक्यांच्या आकाराची उतरण असते.

ही युक्ती संगणकापेक्षा कितीतरी जुनी आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या आणि पुढे मळवलीला हलवलेल्या शिळाछापखान्यातून देवदेवतांची जी चित्रे घरोघरी पोचली, त्यांत लक्ष्मीच्या गालावरची लाली आणि साडीच्या निऱ्यांतील छाया दगडांवर हाताने दिलेल्या असंख्य ठिपक्यांतून उमटत असे. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. पुढच्या काळात रघुवीर मुळगावकर (१९१८-१९७६) यांनी फवाऱ्याच्या तंत्राने दिनदर्शिकांवरील देवतांना जी धुक्यासारखी मृदू कांती दिली, तीही शाईच्या सूक्ष्म तुषारांचीच किमया. आजच्या संगणकाला जे एका क्लिकसरशी साधते, त्याचे मूळ या हातांत आहे. आणि त्या हातांना आपला दगड काय पेलू शकतो, याची पुरेपूर जाण होती.

आजच्या यंत्रांची क्षमता हिशेबाने काढता येते. प्लेट बनवणाऱ्या यंत्राचे प्रतिइंच बिंदू आणि छपाईच्या जाळीच्या प्रतिइंच रेषा यांचा भागाकार करून त्याचा वर्ग केला, की किती छटा मिळतील ते कळते. २४०० बिंदू आणि १५० रेषा असतील, तर भागाकार १६ आणि छटा २५६. तेच यंत्र १२०० बिंदूंचे असेल, तर भागाकार ८ आणि छटा अवघ्या ६४.

आता समजा, २५ सेंटिमीटर लांबीच्या पार्श्वभूमीवर मॅजेंटा शाई २० टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत नेली आहे. बदल ५० टक्क्यांचा, म्हणजे २५६ पैकी निम्म्या, १२८ छटा वाट्याला आल्या. २५ सेंटिमीटर भागिले १२८, म्हणजे एक पट्टा जवळजवळ दोन मिलिमीटरचा. बदल फक्त १० टक्क्यांचा ठेवला, तर छटा २५ आणि प्रत्येक पट्टा तब्बल एक सेंटिमीटर रुंद. पट्टा एक मिलिमीटरहून बराच बारीक असला, तर डोळा शेजारचे पट्टे जोडून घेतो. रुंद झाला की ते सुटे दिसू लागतात. मोठी जागा आणि थोडा बदल, हे पट्टे पडण्याचे खरे कारण आहे. पडद्यावर सर्वांत सौम्य दिसणारी उतरणच छपाईत दगा देते, ती यामुळे.

यावर उपाय आहेत. उतरणीची लांबी कमी करावी, किंवा रंगातील अंतर वाढवावे. पार्श्वभूमीवर थोडी नॉईज, म्हणजे कणीदारपणा, टाकावा. पट्ट्यांच्या कडा त्यात मोडून जातात. यलो शाईचे पट्टे डोळ्याला सर्वांत कमी जाणवतात आणि काळ्या शाईचे सर्वांत जास्त. म्हणून हळदीच्या पार्श्वभूमीत पट्टे पडतात ते पिवळ्यामुळे नव्हे, त्यातल्या मॅजेंटाच्या बदलामुळे, हेही ध्यानात ठेवावे. ब्लेंड वापरले असेल, तर टप्प्यांची संख्या याच हिशेबाने द्यावी. ६४ छटांच्या यंत्रासाठी पाचशे टप्पे मागितल्याने उतरण सुधारत नाही, फाइल तेवढी जड होते.

पाकीट, पोते आणि फलक

प्रत्येक माध्यमाची सहनशक्ती वेगळी असते. प्लॅस्टिकची पाकिटे मोठ्या संख्येने छापताना ग्रॅव्ह्युअर किंवा फ्लेक्सो पद्धत वापरतात. ग्रॅव्ह्युअरमध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. कोरल्यानंतर उतरणीत चूक आढळली, तर तो सिलिंडर पुन्हा करण्याचा खर्च येतो. म्हणून तपासणी त्याआधी. फ्लेक्सोची अडचण आणखी वेगळी आहे. दोन-तीन टक्क्यांखालचे अतिसूक्ष्म ठिपके तिच्या रबरी प्लेटवर टिकत नाहीत, आणि जे टिकतात ते दाबाने फुगतात. त्यामुळे रंग शून्यापर्यंत विरवत नेला की जेथे ठिपके संपतात, तेथे स्पष्ट कड दिसते. अशा कामात उतरण शून्यावर न संपवता सुमारे पाच टक्क्यांवर थांबवून तेवढा रंग संपूर्ण जागेवर ठेवावा. नाहीतर ती पाकिटाच्या कडेवर किंवा चित्रातील एखाद्या आकाराच्या रेषेवर संपवावी.

पारदर्शक पाकिटात आणखी एक गोम असते. रंगांच्या मागे पांढऱ्या शाईचा थर दिला नाही, तर आतली हळद रंगांतून दिसते. आतील माल दिसण्यासाठी खिडकी ठेवून तिच्याकडे रंग विरवत नेला आणि मागचा पांढरा थर मात्र एका रेषेवर कापला, तर विरणे बाजूला राहून ती रेषाच उठून दिसते. म्हणून खिडकीची कड सरळ, ठसठशीत ठेवणे अधिक शहाणपणाचे.

विणलेल्या पोत्यावर तर ठिपक्यांची उतरण धरतच नाही; धाग्यांच्या वेणीत ठिपके हरवतात. कापडी पिशवीवरील स्क्रीन प्रिंटिंगचेही थोडेफार तसेच. तेथे एकाच शाईत उतरण साधण्याची एक सुरेख युक्ती आहे. वर तीन मिलिमीटर जाडीची आडवी रेषा आणि खाली अर्ध्या मिलिमीटरची रेषा काढून दोहोंत वीस टप्प्यांचे ब्लेंड करावे. जाड रेषांपासून बारीक रेषांपर्यंतचा पट्टा दुरून पाहिला की गडदपासून फिक्यापर्यंतची उतरणच वाटतो. मावळत्या सूर्याचे किंवा हळदीच्या पानाचे चित्र अशा रेषांनी फार सुबक दिसते. एकाच रंगाचा खर्च येतो आणि पोते बिघडण्याची भीती राहत नाही.

हिंगोलीच्या दसरा महोत्सवासारख्या प्रसंगी लागणाऱ्या मोठ्या फलकांचा हिशेब निराळा आहे. वीस फुटी फलकावर २५६ छटा पसरल्या, तर एक पट्टा सुमारे २४ मिलिमीटरचा होतो. पण फलक दुरून पाहिला जातो आणि त्याची यंत्रे शाईचे तुषार विखरून टाकतात, त्यामुळे पट्टे पुष्कळसे झाकले जातात. येथे उतरण बिघडते ती बहुधा फाइल जेपेग करताना. जास्त दाबलेल्या जेपेगमध्ये चौकोनी ठोकळे पडतात आणि उतरणीतच ते आधी दिसतात. शक्य तेथे पीडीएफ किंवा टिफ द्यावी. जेपेगच द्यायची असेल, तर गुणवत्ता सर्वोच्च ठेवावी.

अक्षरांची शिरोरेषा सांभाळा

देवनागरीत काम करणाऱ्याने एक गोष्ट वेगळी शिकावी लागते. रोमन अक्षरे सुटी असतात, आपली अक्षरे शिरोरेषेने जोडलेली. ‘वसमत हळद’ हे शब्द वक्ररेषांत रूपांतरित करून तसेच रंगवले, तर प्रत्येक अक्षराला स्वतःची उतरण मिळते. परिणामी शिरोरेषेवर दर अक्षराला रंग नव्याने सुरू होतो आणि शब्द तुकड्यांचा जोडल्यासारखा दिसतो. अक्षरे आधी एकसंध करावीत आणि मगच उतरण द्यावी. एकसंध करताना कंबाइन ही आज्ञा वापरली, तर शिरोरेषा जेथे एकमेकींवर येतात तेथे पांढरी भोके पडतात. म्हणून वेल्ड वापरावी. उतरण आडवी दिल्यास शब्दाचे एक टोक फिके पडून वाचण्यास अडचण होते. ती वरून खाली दिल्यास शिरोरेषा सर्वत्र एकाच छटेची राहते आणि शब्द बांधीव दिसतो. बारीक टायपात, म्हणजे वजन, किंमत, परवाना क्रमांक, कालमर्यादा यांत, उतरण कधीही देऊ नये. ती अक्षरे ठिपक्यांत फुटतात, आणि हा मजकूर वाचता येणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

रंग मालाशी इमान राखणारा हवा

शेवटी एक मुद्दा तंत्रापलीकडचा. पडद्यावरचा पिवळा प्रकाशाचा असतो, कागदावरचा शाईचा. पडद्यावरच्या झळाळीची बरोबरी शाई करू शकत नाही, विशेषतः भडक नारिंगीत. त्यामुळे पडद्यावर पसंत पडलेल्या रंगावर शिक्कामोर्तब करू नये. आकडे लिहिलेल्या पाच-सात रंगपट्ट्या डिजिटल यंत्रावर छापून घ्याव्यात, त्यांच्या शेजारी वाटीत प्रत्यक्ष विकायची हळद ठेवावी आणि ट्यूबलाइटखाली न पाहता दिवसाच्या उजेडात पाहावे. छापणाऱ्याला पहिल्या दिवशीच तीन प्रश्न विचारावेत : छपाई कोणत्या पद्धतीची, जाळी किती रेषांची आणि सर्वांत लहान ठिपका किती टक्क्यांचा टिकतो? या तीन उत्तरांवरून उतरण कोठे द्यायची आणि कोठे टाळायची, ते ठरते.

आणि हळदीच्या बाबतीत तर भडकपणाचा मोह कटाक्षाने आवरावा. बांगलादेशातील हळदीत रंग खुलवण्यासाठी लेड क्रोमेट हे विषारी पिवळे रसायन मिसळले जात असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आले होते. अति झळकणारा पिवळा पाहिला की जाणत्या ग्राहकाच्या मनात शंका येते, ती अशा कारणांनी. पाकिटावरचे हळकुंड आतल्या हळदीपेक्षा उजळ दिसले, तर पाकीट फोडल्यावर खरी हळदच फिकी वाटू लागते. शेतात नऊ महिने राबून, शिजवून, वाळवून तयार केलेल्या मालावर असा अन्याय त्याच्या स्वतःच्याच पाकिटाने करू नये. वसमतच्या हळदीला नाव मिळाले आहे. तिच्या चित्रातला पिवळा वाटीतल्या हळदीशी जुळतो की नाही, हे फाइल छपाईला पाठवण्यापूर्वी पाहून घेणे डीटीपी केंद्रात बसलेल्या माणसाच्या हाती आहे.